‘अपुऱ्या दिवसांचं’ हे मृत्यूचं कारण नव्हे

बाळ तीस आठवड्यांचं, वजन बाराशे ग्रॅम. तिसऱ्या रात्री गेलं. दाखल्यावर ‘प्रीमॅच्युरिटी’ लिहिलं आणि केसपेपर मिटला. पण तितक्याच दिवसांचं, तितक्याच वजनाचं शेजारच्या वॉर्मरवरचं बाळ पाचव्या आठवड्यात घरी गेलं. मग हे का गेलं? आपल्या दाखल्यात त्याचं उत्तर नाही. दुसरं कारण ठाऊक असेल तर नुसती प्रीमॅच्युरिटी मृत्यूचं कारण म्हणून लिहू नये, असं आयसीडी-१० बजावतं. आपण मात्र ते कारण शोधायच्या आधीच लिहून मोकळे होतो.

ज्या सरफॅक्टंटवर आज आपला भरवसा आहे, त्याची वाट शवविच्छेदनाच्या टेबलावरूनच गेली. १९५९ मध्ये बॉस्टनला मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी हायलाइन मेम्ब्रेनच्या आजाराने दगावलेल्या नवजातांच्या फुफ्फुसांचा अर्क तपासला. त्याचा पृष्ठताण हवा तितका उतरतच नव्हता, म्हणजे सरफॅक्टंटच कमी पडत होतं. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी दहा बाळांना बाहेरून सरफॅक्टंट दिलं. कुणा आईबापांनी मेलेल्या लेकराला हात लावू दिला, म्हणून पुढची लेकरं श्वास घेऊ शकली.

आपल्या आदिलाबादजवळचा धडा प्राणहिता नदीपलीकडचा आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजातांवर लक्ष ठेवलं. त्यातली ४० दगावली. २१ मृत्यूंचं मूळ कारण जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनिया निघालं. बत्तीस आठवड्यांआधीचा जन्म हे कारण फक्त सहांचं. कमी दिवसांची बहुतेक बाळं गेली ती सोबत संसर्ग, गुदमरणं, गारठणं किंवा दूध न ओढणं असं काही असलं तेव्हाच. घरोघरच्या निरीक्षणातून आणि घरच्यांच्या सांगण्यातून एवढं कळलं, हे थोर काम आहे. पण फुफ्फुसातला रक्तस्राव आणि न्यूमोनिया आजीच्या वर्णनात सारखेच दिसतात. तिथे पेशीच बोलाव्या लागतात.

त्यासाठी पूर्ण चिरफाडच हवी असं नाही. २०१८ पासून दावणगेरे आणि कराचीत कमी दिवसांच्या बाळांच्या मृत्यूंचा जो अभ्यास झाला, त्यात सुईने फुफ्फुस, यकृत, मेंदूचे कण घेतले. रक्त, पाठीतलं पाणी आणि वारही तपासली. मृत्यूकडे नेणारी साखळी कित्येकदा जन्माआधीच, वारेपाशी सुरू झालेली दिसली. सुईला मर्यादा आहेत: जन्मजात व्यंग किंवा सडलेलं आतडं तिच्यातून निसटू शकतं. शक्य तिथे पूर्ण विच्छेदनच श्रेष्ठ. पण काहीच न करण्यापेक्षा सुई शतपट बरी.

आदिलाबादेत २००८ पासून रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे जिल्ह्यात पॅथॉलॉजीचा विभाग आहे. अडचण संमतीची आहे. उटनूर, नारनूरकडची आई गोंडी किंवा कोलामी बोलते, बेल्याकडची आजी मराठी, आणि संमतीपत्र तिसऱ्याच भाषेत. ‘पोस्टमॉर्टेम’ म्हटलं की डोळ्यांपुढे पोलीस येतो. म्हणून तो शब्द आधी काढूच नका. बसा. त्यांच्या बोलीत बोलणारी नर्स किंवा आशाताई जवळ घ्या. हे पोलिसांचं काम नाही, नको म्हणालात तरी चालेल, बाळ आजच तुमच्या हाती देऊ आणि गावी न्यायला गाडी मिळेल, हे सांगा. गाडीची सोय खरोखर झाल्यावरच सांगा.

आणि ऐका. ती आई एकच विचारते : माझं काय चुकलं? ओझं उचललं म्हणून, अमकं खाल्लं म्हणून, असं घरातलं कुणीतरी तिला आधीच सुनावतं. वारेच्या पडद्यांत आणि नाळेत पसरलेला संसर्ग सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, तर तिला सांगता येतं की बाई, तुझं काही चुकलं नाही. पुढच्या खेपेला कशावर लक्ष ठेवायचं, हेही सांगता येतं.

बाकी सगळं उभं राहायला वेळ लागेल. एक गोष्ट आजच्या रात्रपाळीत करता येते. बाळ दिवसांआधी जन्मलं की वार बादलीत टाकू नका. कल्चरचा तुकडा आधी काढा, मग उरलेली वार फॉर्मालिनच्या डब्यात ठेवा, वर आईचं नाव आणि आठवडे लिहा. अहवाल आल्यावर तो फाइलला लावून थांबू नका. आशाताईंना फोन करा आणि त्या आईच्या घरी कोण, कधी, कुठल्या बोलीत सांगणार हे ठरवा.