'पहेली': विचारणारं भूत आणि न विचारणारा नवरा

हिंदी प्रेमपट म्हटला की चळवळीतल्या आपण बायका आधीच कपाळाला आठ्या घालून बसतो. त्याला कारणंही आहेत. मुलीच्या मागे लागणं म्हणजे प्रेम, तिचा नकार म्हणजे लाजणं आणि शेवटी तिचं 'हो' म्हणजे नायकाच्या चिकाटीचं बक्षीस, हे गणित आपण वर्षानुवर्षं पडद्यावर पाहत आलो. कॉलेजच्या वाटेवर, एस.टी.च्या थांब्यावर हेच गणित ज्या मुलींच्या वाट्याला येतं, त्या आपल्याकडे तक्रार घेऊन येतात, तेव्हा त्रास देणाऱ्या पोराच्या तोंडी सिनेमातलीच भाषा असते. म्हणून एखाद्या प्रेमकथेबद्दल चार बरे शब्द लिहायचे तर हात आखडतो.

तरीही 'पहेली'बद्दल लिहावंसं वाटतं. २००५ सालचा हा सिनेमा आपल्या अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केला, पटकथा संध्या गोखले यांची. मूळ गोष्ट राजस्थानी लेखक विजयदान देथा यांची 'दुविधा'. याच गोष्टीवर मणि कौल यांनी १९७३ साली 'दुविधा' नावाचाच चित्रपट केला होता, पण तो आपल्या गावापर्यंत कधी पोचला नाही. 'पहेली' पोचला. शाहरुख खान, राणी मुखर्जी, गुलजारांची गाणी, रंगीबेरंगी ओढण्या, उंटांची शर्यत असा सगळा थाट असल्यामुळे पोचला. तेव्हा त्याची परीक्षा आपणही करायला हवी.

गोष्ट थोडक्यात अशी. लच्छीचं लग्न एका सावकार-व्यापाऱ्याच्या मुलाशी, किशनशी होतं. पहिल्या रात्री नवरा लग्नखर्चाच्या हिशेबाची वही उघडून बसतो आणि सांगतो, वडिलांनी मुहूर्त काढलाय, उद्या सकाळी पाच वर्षांसाठी धंद्याला निघायचं आहे. वरात परतत असताना वाटेत एका भुताने लच्छीला पाहिलेलं असतं. नवरा गेल्यावर ते भूत त्याचंच रूप घेऊन घरी येतं. सासऱ्याला दररोज सोन्याच्या मोहरांचं आमिष दाखवून घरात राहण्याची सोय करतं. मात्र लच्छीच्या खोलीत गेल्यावर तिला खरं सांगतं. मी तुझा नवरा नाही, मी भूत आहे. आता काय करायचं ते तू ठरव.

या एका प्रसंगासाठी मी या सिनेमाला झुकतं माप द्यायला तयार आहे.

आपल्याकडे नवऱ्याचं रूप घेऊन आलेल्या परपुरुषाच्या गोष्टी काही कमी नाहीत. इंद्र गौतमाचं रूप घेऊन अहल्येकडे गेला. तिला कळलं होतं की नव्हतं यावर रामायणांचं एकमत नाही, पण शाप तिला भोगावा लागला यावर सगळ्यांचं एकमत आहे. गिरीश कार्नाडांच्या 'नागमंडल'मध्ये नाग नवऱ्याच्या रूपात राणीकडे येत राहतो. तिथे तिला सुख मिळतं, पण खरं काय ते तिला सांगितलं जात नाही. पुढे गरोदर राहिल्यावर तिलाच पंचांपुढे नागदिव्य करावं लागतं. या सगळ्या गोष्टींत बाई फसवली जाते आणि मग फसवली गेल्याबद्दल तिचीच चौकशी होते. 'पहेली'त फसवणुकीची सगळी सोय हातात असताना भूत खरं बोलतं आणि लच्छी समजून-उमजून निर्णय घेते. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कोणी तिची इच्छा विचारलेली असते. आईबापांनी लग्न ठरवताना विचारलं नाही, नवऱ्याने जाताना विचारलं नाही. विचारलं ते भुताने.

या सिनेमाच्या बरोबर दहा वर्षं आधी, १९९५ साली, याच शाहरुख खानचा 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' आला होता. मुंबईच्या मराठा मंदिरात त्याचे हजाराहून जास्त आठवडे झाले. त्यातली नायिका प्रियकराबरोबर जायला तयार असते, तिची आईही पाठीशी असते. पण नायक म्हणतो, वडिलांनी स्वतः हात हातात दिल्याशिवाय नेणार नाही. लाखो प्रेक्षकांना ते फार संस्कारी वाटलं. मुलीचं 'हो' पुरेसं नाही, मालकाची सही हवी, असाच त्याचा अर्थ नव्हता का? 'पहेली'तलं भूत वडिलांची परवानगी सोन्याने विकत घेतं, पण लच्छीची परवानगी विकत घेत नाही, मागतं. दोन्हीतला फरक आपल्या गटातल्या मुलींना समजावून सांगण्यासारखा आहे.

दुसरी जमेची बाजू म्हणजे लच्छीच्या इच्छेला सिनेमा पाप म्हणत नाही. लग्न झालेली बाई, परक्याबरोबर राहते, त्याच्यापासून तिला मूल होतं, आणि तरी तिला विहीर जवळ करावी लागत नाही. हिंदी सिनेमात अशा बाईला बहुधा मरावंच लागतं, किंवा शेवटच्या रिळात नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवावं लागतं. पालेकरांना हा विषय नवा नव्हता. रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या आयुष्यावर त्यांनी २००१ साली 'ध्यासपर्व' केला, आणि २००३ च्या 'अनाहत'मध्ये नियोगाच्या निमित्ताने एका राणीला स्वतःच्या शरीरसुखाची जाणीव होते ती कथा मांडली. बाईच्या देहाला मन असतं आणि त्या मनाला मागणं असतं, हे मराठीत कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य'मधून सांगितलं तेव्हा त्यांच्यावर खटले भरले गेले. तेच म्हणणं लोककथेच्या चुनरीत गुंडाळून थेट चौकातल्या थिएटरात नेणं, हे काम लहान नाही.

तिसरी गोष्ट आपल्या भागाला जवळची आहे. लच्छीचा नवरा दुष्ट नाही. तो मारत नाही, दारू पीत नाही. तो फक्त निघून जातो, कारण बापाच्या दृष्टीने धंद्याचा मुहूर्त सुनेच्या आयुष्यापेक्षा मोठा आहे. आमच्या रायगडात हे कोणाला सांगायला नको. माणगाव-महाडकडच्या किती घरांतला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतो, तेवढाच काय तो संसार. श्रीवर्धन-म्हसळ्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पुरुष आखातात किंवा बोटीवर. मागे राहिलेली बाई शेत बघते, म्हाताऱ्यांचं करते, पोरं वाढवते, आणि कोणाशी चार शब्द हसून बोलली तर पंचनामा तिचाच होतो. तिच्या एकटेपणाला आपण स्त्री-संघटनांनीही फार जागा दिलेली नाही. मारहाण, हुंडा, टाकून दिलेल्या बायका हे प्रश्न आपण लावून धरले, ते धरायलाच हवे होते. पण न मारणाऱ्या, पैसे पाठवणाऱ्या आणि घरी नसणाऱ्या नवऱ्याच्या बायकोचं दुःख कोणत्या अर्जात लिहायचं? 'पहेली'ने ते दुःख निदान पडद्यावर आणलं.

वडखळच्या आसपासच्या गटांतल्या बायकांशी या सिनेमाबद्दल बोलणं झालं, तेव्हा एक जण म्हणाली, "भूत होता, पण माणसासारखा वागला." दुसरी म्हणाली, "बाहेर राहिलेल्याला कोणी विचारत नाही, इतकी वर्षं कसा राहिलास म्हणून. घरात राहिली तिलाच विचारतात." तिसरीने मात्र बरोबर वर्मावर बोट ठेवलं. "मोहरा मिळाल्या नसत्या तर सासऱ्याने त्याला घरात ठेवलं असतं का?"

इथून या सिनेमाच्या उण्या बाजू सुरू होतात.

लच्छीला भुताने विचारलं हे खरं, पण तिच्यासमोर पर्याय कोणते होते? भुताला हो म्हणायचं, किंवा रिकाम्या खोलीत पाच वर्षं वाट पाहायची. माहेरी परत जाणं, स्वतः काही कमावणं, या घरात राहायचं नाही असं म्हणणं, यातलं काहीच तिच्यापुढे नाही. 'हो'ला अर्थ येतो तो 'नाही' म्हणून जगता येत असेल तरच. लच्छीच्या हातात स्वतःचा एक पैसाही नाही. मोहरा भुताच्या, तिजोरी सासऱ्याची. सिनेमाला हे दिसतं, पण तो तिथे थांबत नाही, पुढच्या गाण्याकडे जातो.

दुसरं, तिच्याशी माणसासारखं वागणारा पुरुष शोधायला लेखकाला भुताकडे जावं लागलं! लोककथा असं करते तेव्हा त्यात एक टोमणा असतो, की हाडामांसाच्या पुरुषाकडून हे व्हायचं नाही. देथांच्या गोष्टीत तो टोमणा धारदार आहे. सिनेमात शाहरुख खान भूत झाल्यावर तो टोमणा राहत नाही, स्वप्नातला राजकुमार होतो. आपल्या मुली अशा राजकुमाराची वाट बघत बसतात आणि समोरच्या माणसाला बदलायला सांगायचं राहूनच जातं.

तिसरी आणि सगळ्यात मोठी उणीव निवाड्याची. बायको गरोदर असल्याचं ऐकून खरा किशन परततो. दारात दोन किशन उभे राहतात. खरा कोण, हे ठरवायला गावचे पुरुष राजाकडे निघतात आणि वाटेत एक मेंढपाळ निवाडा करतो. निखारे उचला, मेंढ्या गोळा करा, आणि शेवटी, जो खरा प्रेमी असेल त्याने या पाण्याच्या चामडी पिशवीत शिरून दाखवावं. प्रेमाच्या नावाखाली भूत पिशवीत शिरतं आणि अडकतं. दोघांबरोबर संसाराचा प्रश्न जिचा, जिने बाळ जन्माला घातलं, तिची साक्ष या सगळ्यात कोणी घेत नाही. वाद मालकीचा आहे, आणि वस्तूला मालक कोण म्हणून कोणी विचारत नाही.

हे केवळ गोष्टीत होतं असं समजू नका. हा सिनेमा आला तेव्हा आपल्या भारतीय दंडविधानात १८६० सालचं कलम ४९७ जिवंत होतं. विवाहित स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाविरुद्ध तिच्या नवऱ्याला तक्रार करता येत होती, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच होत नव्हता. बाईच्या संमतीला त्यात काडीचीही किंमत नव्हती, आणि नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर बायकोला त्याखाली तक्रारही करता येत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. म्हणजे मेंढपाळाचा न्याय आपल्या कायद्यातून जायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. गावच्या बैठकीतून तो अजून गेलेला नाही. 'कोणाची बायको' हे आधी ठरतं, 'तिचं म्हणणं काय' हे वेळ उरला तर.

आणि मग शेवट. देथांच्या गोष्टीत भूत सुटत नाही. लच्छीसारख्या बाईला त्याच नवऱ्याबरोबर, त्याच घरात, लेकीला घेऊन राहावं लागतं. वाचणाऱ्याच्या घशात ते अडकतं. सिनेमात भूत पिशवीतून सुटून किशनच्या शरीरात शिरतं आणि लच्छीला तिचा प्रियकर परत मिळतो. पाहताना बरं वाटतं, हे नाकारत नाही. बाईच्या वाट्याला एकदा तरी सुख येऊ द्या, असं पालेकर-गोखल्यांना वाटलं असेल तर त्यांच्याशी भांडण नाही. पण दोन गोष्टी सुटतात. एक, लच्छीने यासाठी काहीच करायचं नाही, रडायचं तेवढं. सुटका परत भूतच करणार. दुसरी, ज्या भुताने लच्छीला विचारलं, त्याने किशनला विचारलं का? किशनही बापाच्या हिशेबातला एक आकडाच होता. त्याच्या शरीराचा ताबा त्याला न विचारता घेतला जातो आणि आपण टाळ्या वाजवतो. 'विचारणं' हेच ज्या सिनेमाचं मोल, तो शेवटच्या पाच मिनिटांत ते मोल सोडून देतो.

चित्रांच्या देखणेपणाचीही एक किंमत आहे. वाडे, दागिने, झरोके यांत विरहही सजावटीचा होतो. या हवेलीत पाणी कोण भरतं, भांडी कोण घासतं, ते दिसत नाही. पेण-रोहा-सुधागडातल्या कातकरी बाईचं दुःख लच्छीसारखं नाही. ती दिवाळीनंतर नवऱ्याबरोबरच वीटभट्टीवर जाते, घेतलेली उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर आणि राबणं दोघांचं. परीकथेला तिची आठवण होत नाही. वरच्या घरातल्या बाईची घुसमट खरीच आहे, पण सगळ्या बायकांची घुसमट तीच असं आपण म्हणू नये.

मग हा सिनेमा दाखवावा की नाही? जरूर दाखवावा. आपल्या आगरी लग्नांत धवलारीण धवले गाऊन लग्न लावते, म्हणजे विधी बाईच्या तोंडून होतात. पण त्या मांडवात बसलेल्या नवरीला 'तुला हे लग्न हवं आहे का' हे कधी आणि कोणी विचारलं, यावर आपल्या गटात बोलायला 'पहेली' हे चांगलं निमित्त आहे. माझी सूचना एवढीच, की निवाड्याच्या प्रसंगाशी सिनेमा थांबवा. दिवे लावा. बायकांना विचारा, मेंढपाळाच्या जागी तुम्ही असता तर पहिला प्रश्न कोणाला केला असता? लच्छी तिथे असती तर काय म्हणाली असती? आणि तिने भूत नको, नवराही नको, मला माझ्या लेकीबरोबर वेगळं राहायचं आहे, असं म्हटलं असतं तर तिच्या डोक्यावर छप्पर कोणी धरलं असतं?

शेवटचा प्रश्न सिनेमाला विचारून उपयोग नाही. तो आपल्या संघटनांना विचारायचा आहे.