साठीची अट

पाऊस लांबला, भाव चढले, पुढाऱ्यांनी पक्ष बदलले. त्यावर वर्षभर पुष्कळ बोलून झालं. आम्हाला मात्र एकच गोष्ट खुपत राहिली. दगडी कमान दिसली की आपल्याला वारसा आठवतो, काँक्रीट दिसलं की रीडेव्हलपमेंट.

मुंबईतल्या कंबाला हिलवरची 'कांचनजंगा' पाहा. चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्या साथीने १९७०मध्ये तिचा आराखडा हाती घेतला. ८४ मीटर उंचीची ही इमारत १९८३मध्ये पूर्ण झाली. मुंबईत वारा पश्चिमेचा, समुद्रही तिकडेच. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा येतो तोही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा तोडगा काढला होता. कोरियांनी तो व्हरांडा आकाशात नेला. फ्लॅटच्या कोपऱ्यात दुमजली उंचीची गच्ची कोरली; ऊन-पाऊस तिथेच थोपतो, वारा खोल्यांतून आरपार जातो. एवढे कोपरे पोकळ ठेवूनही इमारत उभी राहते, ती मधल्या काँक्रीटच्या गाभ्यामुळे. ते गणित शिरीष पटेल यांचं. काँक्रीटचंच, पण महेंद्र राज यांच्या गणितावर दिल्लीत १९७२मध्ये उभं राहिलेलं 'हॉल ऑफ नेशन्स' २०१७मध्ये पाडलं गेलं. वारसा ठरायला वास्तूला साठ वर्षं झालेली हवीत, हा निकष तिच्या आड आला. तोच लावला तर 'कांचनजंगा'ला २०४३ची वाट पाहावी लागेल.

कुणी म्हणेल, बत्तीस श्रीमंत घरांचं कौतुक आम्हाला कशाला? पण मोकळ्या जागेचा हाच विचार कोरियांनी त्याच सुमारास बेलापूरच्या बैठ्या घरांत, अंगणांच्या रूपाने, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीही मांडला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गळक्या इमारतीत, लिफ्टविना जिने चढणाऱ्यांना वारशाचे धडे देणारे आपण कोण? मान्य. प्रत्येक जुनी इमारत राखा, असा आमचा हट्ट नाही. पाडण्याआधी तिचं वय न मोजता गुण तपासा, एवढंच मागणं आहे. आणि पाडलीच, तर नवी निदान तिच्याइतकी शहाणी बांधा. पश्चिमेला काचेची भिंत उभारून जन्मभर एसीचं बिल भरायचं, याला प्रगती म्हणणं आम्हाला जमत नाही.

यंदाच्या अंकाचा विषय 'उजेड'. तो घरात किती घ्यावा आणि कुठे अडवावा, हा वास्तुकलेचाही प्रश्न आहे, म्हणून हा प्रपंच. नेहमीच्या वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा. पटलं नाही तर पत्र पाठवालच.