नामांतर आणि नाच्या

नामांतर म्हणजे काय, हे आमच्या शहराला कोणी शिकवायला नको. १९७८ च्या विधिमंडळ ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत मराठवाडा विद्यापीठाच्या नावापायी माणसे मेली, वस्त्या जळाल्या. २०२३ मध्ये शहराचेही नाव बदलले. अशा शहरातल्या साहित्याच्या वर्गात कुणा व्यक्तीच्या नामांतराचा विषय निघताच ‘नावात काय आहे?’ म्हणून हसावे, याचे आम्हांस नवल वाटते.

ब्रिटिश विनोदकार एडी इझार्ड यांनी २०२० मध्ये ‘ती’ हे सर्वनाम स्वीकारले, २०२३ मध्ये ‘सुझी’ हे नाव घेतले. वर, एडी म्हटले तरी राग नाही, असेही सांगितले. तरी आक्षेप उरतोच: हाही विनोदच असेल!

याची उलट बाजू आपल्या घरात आहे. गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या रंगवला. ते संसारी पुरुष. पण पडद्याबाहेरही त्यांच्या पुरुषपणावर शंका घेतली गेली. तेथे पुरुषाला पुरुष राहू दिले नाही, येथे स्त्रीला स्त्री म्हणवत नाही. ज्याला हसलो त्याचे लिंग ठरवण्याचा हक्कही तिकिटासोबत मिळाला, अशी ही प्रेक्षकाची समजूत.

मराठीत क्रियापदालाही लिंग असते, ही सबब आम्हांस ठाऊक आहे. ‘आला’ की ‘आली’ हे निवडावेच लागते. पण कोणाच्या शब्दावरून निवडायचे, हे व्याकरण सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात तो शब्द ज्याचा त्याचा मानला. राजपत्रातले नाव आमच्या जिभेने घोटले. ‘सुझी आली’ म्हणताना मात्र ती अडखळते. दोष जिभेचा नव्हे.