चूक दिसू द्या की!

मंडळी, पीएचपीत नव्यानं शिरलेल्याला हमखास मिळणारा सल्ला: "ओळीत अ‍ॅटचं चिन्ह टाक, एरर जाते." अहो, जाते कुठली? फक्त दिसेनाशी होते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? फाईलमध्ये लिहिणं फसतं, पान मात्र "धन्यवाद" म्हणतं आणि फॉर्म भरणाऱ्या बिचाऱ्याची माहिती कायमची जाते. 2020 साली पीएचपी 8 आलं आणि निदान जीवघेण्या एररवरचं हे झाकण निघालं, ते बरंच झालं.

"पण येणाऱ्या-जाणाऱ्याला फाईलींचे आतले पत्ते दिसतात त्याचं काय?" असं म्हणाल. मान्य! म्हणूनच पीएचपीबरोबर सेटिंगचे दोन नमुने येतात. कामाच्या मशीनसाठी डिस्प्ले_एरर्स चालू, खऱ्या साईटसाठी बंद. लॉग_एरर्स मात्र दोन्हींत चालूच. लपवा, पण नोंद ठेवा!

आणि ही सेटिंग पीएचपी.आयएनआयमध्येच करा. स्क्रिप्टमध्ये लिहिलीत आणि त्याच फाईलमध्ये एखादा सेमीकोलन राहिला, तर ती ओळ चालतच नाही. उरतो नुसता पांढराफटक पडदा...

बोंब मारणारा प्रोग्राम परवडला. मुका नको.