यंत्राला मराठी झेपत नाही, ही एक सोयीस्कर थाप

मराठी घरात बोलायला गोड आहे, सभेत गर्जायला समर्थ आहे, पण यंत्राशी बोलायला निकामी आहे, असे एक मत आपल्या समाजात घट्ट रुजले आहे. मराठीचे विरोधक असे म्हणतात याचे मला फारसे दुःख नाही. दुःख याचे आहे की बेळगाव-निपाणीपासून इंदूर-बडोद्यापर्यंत ज्या घरांनी मराठीसाठी लाठ्या खाल्ल्या, त्या घरांतही हे मत निमूटपणे मान्य केले जाते. कारणेही विद्वत्तेचा आव आणून दिली जातात: विभक्तिप्रत्यय फार, सामान्यरूपाची कटकट, लिंगे तीन, जोडाक्षरे असंख्य. इंग्रजी कशी सुटसुटीत, म्हणून संगणकाने तिला आपलेसे केले, असा हा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद तपासण्यासाठी मी मुद्दाम एक क्षुल्लक वाटणारे क्षेत्र निवडतो. घरगुती संगणकांच्या आरंभकाळात 'टेक्स्ट ॲडव्हेंचर' नावाचे साहसखेळ लोकप्रिय होते. त्यांत पुष्कळदा एकही चित्र नसे. पडद्यावर चार ओळींचे वर्णन उमटे: आपण एका गुहेच्या तोंडाशी आहोत, उत्तरेला वाट आहे, जमिनीवर दिवा पडला आहे. खेळणाऱ्याने आज्ञा टंकायची, यंत्राने तिचा अर्थ लावून पुढची हकिकत सांगायची. खेळाचे सारे साहित्य म्हणजे भाषा. तेव्हा एखादी भाषा यंत्राला 'झेपते' की नाही, याची याहून चोख कसोटी कोणती?

या प्रकाराचा पहिला प्रसिद्ध खेळ अमेरिकेत विल क्राउदर याने १९७६ च्या सुमारास लिहिला. तो स्वतः गुहा धुंडाळणारा होता आणि केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या गुहासमूहाचा परिचित भाग त्याने खेळात उतरवला. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स याने त्याचा विस्तार केला. या खेळाला दोन शब्दांच्या आज्ञा समजत आणि प्रत्येक शब्दाची केवळ पहिली पाच अक्षरे तो पाही. १९७८ मध्ये स्कॉट ॲडम्स याने तशाच धर्तीचा खेळ टीआरएस-८० या घरगुती यंत्राच्या १६ किलोबाइट स्मृतीत बसवला. तिथे तर पहिल्या तीन अक्षरांवरच काम भागे.

आता नीट पाहा. या यंत्राला इंग्रजी 'येत' होती काय? मुळीच नाही. त्याच्यापाशी होता फक्त एक तक्ता. अमुक अक्षरे आली की अमुक क्रमांक, अमुक क्रमांकाची जोडी जमली की अमुक कृती. क्रियापद कशाला म्हणतात, दिवा म्हणजे काय, याचा त्याला गंध नव्हता. शब्दाचे शेपूट छाटून उरलेल्या तुकड्यावर अंदाज बांधणारी ही युक्ती होती. इंग्रजी यंत्राच्या जवळची होती म्हणून तक्त्यात गेली, असे घडले नाही. तक्ता भरणारे हात इंग्रजी बोलणाऱ्यांचे होते, एवढेच.

हा तक्ता भरण्याचा अधिकार १९८३ च्या अखेरीस सामान्य माणसाच्या हाती आला. वेल्समधील बॅरी गावच्या गिलसॉफ्ट या छोट्या कंपनीने ग्रेम येंडल याने लिहिलेले 'द क्विल' हे अवजार झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी विक्रीस आणले. ते वापरणाऱ्याला प्रोग्रामिंग येण्याची गरज नव्हती. स्थळांची वर्णने लिहा, शब्दांचा कोश भरा, कोणत्या परिस्थितीत काय घडावे ते सांगा, की खेळ तयार. कोशात प्रत्येक शब्दाला क्रमांक द्यायचा आणि समानार्थी शब्दांना एकच क्रमांक. शब्दाची पहिली चार अक्षरेच पाहिली जात. अवजार इंग्रजी भाषकाने घडवले होते, पण कोशाचे रकाने कोरे होते. ते कोणत्या भाषेत भरायचे हे त्या अवजाराने ठरवले नव्हते.

तेव्हा इतर समाजांनी काय केले ते पाहू. त्या वेळच्या युगोस्लाव्हियातील स्लोव्हेनियाची लोकसंख्या वीस लाखांच्याही आत होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याएवढी. त्यांच्या भाषेत सहा विभक्ती, तीन लिंगे आणि वर आपल्या संस्कृतसारखे जिवंत द्विवचन. विदेशी संगणक आणण्यावर निर्बंध होते, म्हणून लोक सीमेपलीकडून यंत्रे लपवून आणीत. १९८४ मध्ये झिगा तुर्क आणि मातेव्झ क्मेत या तरुणांनी याच विषयावर स्पेक्ट्रमसाठी स्लोव्हेन भाषेत साहसखेळ लिहिला. नाव 'कोंत्राबांत', अर्थात चोरटा माल. तो प्रसिद्ध केला ल्युब्लियाना येथील विद्यार्थ्यांच्या नभोवाणी केंद्राने. द्विवचन अवघड आहे म्हणून त्यांनी इंग्रजीचा पदर धरला नाही. सीमेवरच्या माणसाचे जगणे त्यांनी सीमेवरच्या माणसाच्या भाषेत मांडले.

स्पॅनिश भाषेत आज्ञार्थी क्रियापदाला सर्वनाम चिकटते. 'घे' आणि 'तिला' मिळून एकच शब्द होतो. शेपूट छाटणाऱ्या यंत्राला हे कसे समजावे? स्पेनमधील मंडळींनी डोक्याला हात लावला नाही. व्हॅलेन्सियाच्या आव्हेंतुरास आदे या संस्थेने गिलसॉफ्टचेच पुढचे अवजार स्पॅनिशसाठी बदलून घेतले आणि त्या चिकटलेल्या सर्वनामांची सोय करून घेतली. १९८९ मध्ये त्यांनी क्राउदर-वुड्स यांच्या मूळ गुहेची स्पॅनिश आवृत्ती बाजारात आणली. अवजार भाषेला जुळत नसेल तर अवजार बदलायचे असते. आपण मात्र भाषेलाच दोष देऊन मोकळे होतो.

आता मराठीवरचे आरोप एकेक घेऊ. पहिला, वाक्यरचनेचा. इंग्रजीत क्रियापद आधी, आपल्यात शेवटी: 'दार उघड', 'दिवा घे'. म्हणजे यंत्राने पहिल्याऐवजी शेवटचा शब्द क्रियापद मानायचा. बेसिक भाषा शिकणाऱ्या शाळकरी मुलालाही हा बदल दोन ओळींत करता येईल.

दुसरा, प्रत्ययांचा. किल्ली, किल्लीने, किल्लीला. भुयार, भुयारात, भुयारातून. आपले प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतात आणि ती जुनी यंत्रे शेवटच छाटून टाकीत. म्हणजे ज्याला अडचण म्हटले जाते ती, त्या युक्तीपुरती, सोयच आहे. शिवाय प्रत्यय न छाटता वाचला तर तो अधिक सांगतो. १९८२ च्या 'द हॉबिट' या खेळाचे कौतुक झाले ते अमुक वस्तूने तमुक वस्तूवर काही कर, अशी लांब वाक्ये त्याला उलगडत म्हणून. इंग्रजीला त्यासाठी वेगळे शब्द आणि ठरलेला क्रम लागतो. मराठीत 'किल्लीने दार उघड' म्हणा किंवा 'दार किल्लीने उघड' म्हणा, 'ने' हे एकच अक्षर साधन कोणते ते दाखवते.

तिसरा, मूळ शब्दच बदलतो हा. पाऊस पण पावसात, फूल पण फुलाला, वीट पण विटेने. हा आरोप खरा आहे, आणि त्याचे उत्तरही त्याच तक्त्यात आहे. दोन्ही रूपांना एकच क्रमांक द्या. शंभर-दोनशे वस्तूंच्या खेळात असे शब्द किती निघतील? एका संध्याकाळचे काम आहे.

चौथा, लिंगाचा. इंग्रजी यंत्र एकाच ठरीव शब्दाने सांगते की वस्तू उचलली गेली. मराठीत दिवा घेतला, किल्ली घेतली, पुस्तक घेतले. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे लिंगाचा एक अंक नोंदवायचा. खेळणाऱ्याला 'तू उभा आहेस' म्हणावे की 'उभी आहेस'? आरंभीच विचारावे, किंवा 'तुम्ही उभे आहात' असे आदराने म्हणावे. आदरार्थी बहुवचन असलेल्या भाषेला हा तोडगा आयता मिळाला आहे.

उरली लिपी. स्पेक्ट्रमचे ९६ अक्षरांचे वळण स्मृतीतील ७६८ बाइटांत मावे आणि ते बदलता येई. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत मात्रा-वेलांट्यांसह देवनागरी बसवणे दाटीचे होते, हे मान्य. पण आज तो प्रश्नच राहिलेला नाही. हातातल्या फोनवर देवनागरी स्वच्छ दिसते. लिपीची सबब संपली, तरी तिच्या आडोशाला उभी राहिलेली वृत्ती संपलेली नाही.

आपल्यापाशी त्या काळी यंत्रे नव्हती, असेही म्हणता येत नाही. १९८४ पासून 'क्लास' या सरकारी योजनेत बीबीसी मायक्रो संगणक देशातील निवडक शाळांत गेले. १९८६ मध्ये डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त आवृत्ती भारतात आणली. भारतीय लिप्या पडद्यावर आणण्याचे मोलाचे काम आयआयटी कानपूर आणि पुण्याच्या सी-डॅकने केले, त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण मराठी छापता आली की आपले समाधान झाले. मराठीत यंत्राला आज्ञा द्यावी आणि यंत्राने ती ऐकावी, ही मागणी आपल्या किती ठरावांत, किती निवेदनांत आली?

इथे काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील: १९५६ पासून सीमाभाग अन्याय सोसतो आहे, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तुम्ही पोरखेळाच्या गोष्टी सांगता? त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी त्यांना प्रागची गोष्ट सांगतो. चेकोस्लोव्हाकियात फ्रान्तिशेक फुका या किशोरवयीन मुलाने १९८५ मध्ये इंडियाना जोन्सवर चेक भाषेत साहसखेळ लिहिला आणि असे खेळ ध्वनिफितींवरून हातोहात पसरले. जानेवारी १९८९ मध्ये प्रागच्या व्हेन्सेस्लास चौकात निदर्शकांवर पोलिसांनी बळ वापरले. त्यानंतर एका अनामिकाने त्याच चौकात, १६ जानेवारी १९८९ या तारखेला घडणारा साहसखेळ लिहिला. त्यात इंडियाना जोन्सला पोलिसांच्या तावडीतून निसटायचे आहे. जे वृत्तपत्रात छापता येत नव्हते ते एका पोरखेळात लिहिले गेले, आणि ते चेक भाषेत लिहिले गेले. अशा खेळांना क्षुल्लक कोणी म्हणावे?

आपला धोका वेगळा आहे. सीमाभागातील मुलांना मराठी भेटते ती फलकाच्या वादात, मोर्चाच्या घोषणेत, स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर. जिज्ञासा, चूक, पुन्हा प्रयत्न आणि युक्ती सापडल्याचा आनंद हे सारे त्यांना दुसऱ्या भाषेत मिळते. ज्या भाषेत मूल कधी खेळत नाही, त्या भाषेसाठी ते मोठेपणी लढेल कशाला? न्यायालयाने उद्या आपल्या बाजूने निकाल दिला, तरी त्या निकालाचा उपभोग घेणारी पिढी मराठीत विचार करणारी हवी.

उपाय खर्चिक नाही. ग्रॅहम नेल्सन याने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेले 'इन्फॉर्म' हे साहसखेळ घडवण्याचे अवजार विनामूल्य उपलब्ध आहे, आणि इंग्रजीहून वेगळ्या भाषांत ते कसे न्यावे याचे विवेचन त्याच्या मार्गदर्शक ग्रंथातच आहे. इटालियन, स्पॅनिश, जर्मन भाषकांनी ते काम करून दाखवले आहे. आपल्या मंडळांनी आणि वाचनालयांनी निबंधस्पर्धेच्या जोडीला साहसखेळांची स्पर्धा ठेवावी. येळ्ळूरच्या मुलांनी राजहंसगडाचा खेळ लिहावा, ग्वाल्हेरच्या मुलांनी तिथल्या किल्ल्याचा, फोंड्याच्या मुलांनी आपल्या डोंगर-देवळांचा. कोणी 'दिवा लाव' म्हणेल, कोणी 'दिवा पेटव', कोणी 'बत्ती लाव'. कोशात सर्वांना एकच क्रमांक मिळेल. प्रमाण कोणते आणि बोली कोणती, हे भांडण त्या तक्त्यात उद्भवतच नाही.

क्रमांक देणारे हात मात्र आपले हवेत. ते रकाने चाळीस वर्षांपूर्वीही कोरे होते आणि आजही कोरेच आहेत. मराठी भरायला बसा.