बाळाच्या किडनीला सूज: भीती नको, प्रमादही नको



पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या किडनीला ‘थोडी सूज’ आहे असं कळलं की घरात दोन तऱ्हा दिसतात. कुणी सुनेच्या खाण्यापिण्याला नाहीतर तिच्या पूर्वकर्माला बोल लावतं, तर कुणी ‘होईल आपोआप बरं’ म्हणून रिपोर्ट कपाटात टाकतं. माझ्या मते दोन्ही चूक.

किडनीतून लघवी खाली उतरते तिथे ती थोडी साठते आणि तो भाग फुगतो, एवढाच या सुजेचा अर्थ. शंभरातल्या 1 ते 5 गरोदरपणांत ती दिसते. पाचव्या-सहाव्या महिन्यात 4 ते 7 मिलिमीटर असेल तर तिला सौम्य म्हणतात. अशी सूज बहुतेक बाळांत औषधाशिवाय ओसरते. आईच्या खाण्याने ती येत नाही, मग तिला दोष कशाला?

पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळी’ नव्हे. जन्मानंतर पहिले दोन दिवस बाळाला लघवी कमी होते, तेव्हा सूज असूनही दिसत नाही. म्हणून पहिली सोनोग्राफी साधारणपणे 48 तासांनंतर, आठवड्याच्या आत करतात आणि दुसरी चार ते सहा आठवड्यांनी. दोन्ही किडन्यांना सूज असेल किंवा गर्भजल कमी असेल तर डॉक्टर इतके थांबत नाहीत.

ही दुसरी तारीखच आपल्या घरांत चुकते, कारण बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. अहो, सोयर पूजेअर्चेला असतं, दवाखान्याला नाही! पंचेचाळीस दिवसांनी बाळाला पहिल्या दर्शनाला मंदिरात नेतो ना? त्याच सुमाराची ही तारीख. दोन्ही कॅलेंडरवर शेजारी शेजारी लिहा.

किडनी साफ व्हावी म्हणून बाळाला पाणी, बार्लीचं पाणी, काढा पाजू नका. सहा महिने आईचं दूधच पुरतं. बाळाला ताप आला, ते दूध ओढेनासं झालं किंवा मुलाची लघवी धारेऐवजी थेंब थेंब होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि सुजेचं आठवणीने सांगा, म्हणजे लघवी तपासतील.

कर्मसिद्धांत स्वतःकडे पाहायला आहे, बाळंतिणीकडे बोट दाखवायला नाही. णमोकार जरूर म्हणा, मनाला समता येते. पण तारीख विसरणं ही समता नव्हे, तो प्रमाद. बाळाच्या बाबतीत यत्नाचार म्हणजे ठरल्या दिवशी फाईल घेऊन निघणं. सुनेबरोबर आपणच जाऊ या.