संसारोपयोगी : फांद्या बारीक करण्याचें जुनें यंत्र

वैशाख सरत आला कीं आमच्या वाईस परसांतून झाडांची छाटणी सुरू होते. कौलांवर आलेली आंब्याची फांदी, तारांना टेकलेला शेवगा, कुंपणाचा गिरिपुष्प, हें सारें पावसाच्या आधीं आवरावें लागतें. पूर्वीं या कचऱ्याची परसांतच होळी करून आपण मोकळे होत असूं. २०१६ सालीं राष्ट्रीय हरित लवादानें उघड्यावर कचरा जाळणारास पांच हजार रुपयांचा दंड सांगितला. पण दंडाची गोष्ट सोडली तरी, घरांत दम्याचें वडील माणूस असतां ओल्या पाल्याचा धूर करणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून फांद्यांचा चुरा करणारें लहान यंत्र, ज्यास बाजारांत ‘चिपर’ म्हणतात, तें घ्यावें असें आमच्या घरीं ठरलें. काम वर्षांतून चार दिवसांचें. तेव्हां जुनें पाहावें, हा विचारही ओघानेंच आला.

पहिला प्रश्न यंत्राचा नसून लांकडाचा आहे. आमचे धाकटे बंधु सहा इंचांची फांदी गिळणाऱ्या यंत्रांच्या गोष्टी सांगत होते. काकूंनी एवढेंच विचारलें, “मनगटाएवढें लांकूड यंत्रांत घातलें, तर बंबांत काय घालायचें?” प्रश्न बिनतोड होता. ज्या घरीं अद्याप बंब पेटतो तेथें जाड फांद्या फोडून वाळवून ठेवतात. यंत्राच्या वांट्यास येतात त्या बारीक फांद्या आणि पाला. म्हणजे दीड इंचाचें यंत्र पुरे. त्यास तीन अश्वशक्तीची मोटर सामान्यतः भागते व ती घरच्या सिंगल फेजवर चालते. मात्र तिला सोळा अँपिअरची खोबण आणि नीट अर्थिंग हवें. जुन्या वाड्यांतील दिव्यापंख्याच्या तारेवर ती लावूं नये. ट्रॅक्टरवर चालणारें यंत्र मळ्यास ठीक. गणपती आळीच्या बोळांतून तें परसांत यावयाचें कसें? शिवाय जाहिरातींतला जाडीचा आंकडा ओल्या, मऊ लांकडाचा समजावा. वाळलेल्या चिंचेस तो अर्धा धरावा. कित्येकजण गोठ्यांतील कडबाकुट्टींतच फांद्या सारतात. तिचीं पातीं धाटांसाठीं असतात, लांकडानें तीं खांडतात. आणि तिचे रूळ फांदी व हात यांत भेद करीत नाहींत.

जुनें यंत्र पाहावयास जातांना दोन फांद्या बरोबर न्याव्या, एक हिरवी व एक वाळलेली. आधीं वीज तोडून चक्र हातानें फिरवावें. खरखर आली किंवा दांडा वरखालीं हलला तर बेअरिंग गेलें. याचें भय नको. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो, त्या क्रमांकाचें नवें साताऱ्यास मिळतें. पात्यांचें तसें नाहीं. तीं ज्या त्या यंत्राचींच लागतात, म्हणून धार लावण्याजोगें अंग किती उरलें आहे तें पाहावें आणि नवीन पातीं मिळतात का याची चौकशी किंमत ठरविण्याच्या आधीं करावी. मोटारीच्या पाट्यापासून घडविलेलीं पातीं नकोत. पाणी जास्त बसलें तर तीं चालत्या चक्रांत तुटतात. चक्रावर वेल्डिंगचा डाग दिसला कीं तेथूनच परतावें. मग फांदी घालावी. धारदार पात्याखालून स्वच्छ ढलप्या पडतात. बोथट पातें लांकडाच्या दोऱ्या काढतें.

आम्हांस पहिलें यंत्र पांचगणीच्या रस्त्यावरील एका आवारांत दाखविण्यांत आलें. चक्र गुळगुळीत फिरत होतें, पातीं जवळजवळ नवीं, आणि किंमत अपेक्षेच्या निम्मी. बंधूंनीं पैसे मोजावयास काढलेही. आमच्याबरोबर आमचा बागेचा गडी होता. तो यंत्राच्या तोंडापाशीं उभा राहिला, कोपरापर्यंत हात आंत घातला आणि म्हणाला, “मालक, हात पात्याला लागतुया.” मालकानें काम झपाट्यानें व्हावें म्हणून लांब नळकांडें करवतीनें कापून टाकिलें होतें. तें नळकांडें हाताहून लांब असतें तें हात पात्यापर्यंत पोहोंचूं नये म्हणूनच. आम्हीं पातीं पाहिलीं, दांडा पाहिला, मोटर हुंगली; तोंड पाहिलें नाहीं. पाहणार तरी कशाला, तेथें उभें आम्हांस राहावयाचें नव्हतें! मळणीयंत्रांनीं इतके हात नेले कीं १९८३ सालीं धोक्याच्या यंत्रांविषयीं स्वतंत्र कायदा करावा लागला, हें आम्हांस वाचून ठाऊक होतें; पण त्या क्षणीं तें आठवलें नाहीं.

पुढें तीन आठवड्यांनीं दुसरें यंत्र मिळालें. पातीं अर्धीं झिजलेलीं, रंग उडालेला, दाम अधिक. पण नळकांडें शाबूत, आणि झांकण उघडलें कीं मोटर बंद पडते. तें शेजारच्या तीन घरांनीं मिळून घेतलें आहे. गडी आंखूड बाह्यांचा सदरा घालून, डोळ्यांस चष्मा लावून काम करतो. बायकांनीं पदर व बांगड्या सांभाळण्यापेक्षां त्याजवळ न जाणें बरें, असें काकूंचें मत आहे. निघालेला चुरा मातींत कालवूं नये, कारण तो कुजतांना मातींतील नत्र ओढून घेतो. झाडाखालीं वरचेवर पसरावा, खोडापासून चार बोटें दूर. आणि मुळांत मोठी फांदी तोडण्यापूर्वीं नगरपालिकेंत विचारावें. शहरांच्या हद्दींतील झाडांसाठीं १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे.

तोंड कापलेलें तें पहिलें यंत्र नंतर विकलें गेलें असें ऐकतों. तें कोणी नेलें, हें आम्हांस कळलें नाहीं.